तानपुऱ्याची आस आणि ॲम्प्लिफायरचा क्लास

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी देवगड तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. घर चिरेबंदी असून वर मंगलोरी कौले आहेत, आणि ऐकण्याची जागा म्हणजे आमचे माजघर, साधारण चौदा फूट बाय अठरा फूट. ख्याल, नाट्यसंगीत आणि अभंग एवढेच मी ऐकतो, तेही बहुतेक रात्री, जेवणे आटोपल्यावर, घरच्यांची झोपमोड होणार नाही अशा बेताच्या आवाजात. स्पीकर आठ ओहमचे, ८७ डेसिबल संवेदनशीलतेचे आहेत आणि उत्तम चालतात. जुना ॲम्प्लिफायर मात्र गेल्या पावसाळ्यात कायमचा बंद पडला. नव्यासाठी विचारपूस केली तेव्हा तीन सल्ले मिळाले. कणकवलीचे एक कारागीर ‘५२०० आणि १९४३’ या ट्रान्झिस्टरांचा क्लास एबी बोर्ड घालून ॲम्प्लिफायर बांधून देतो म्हणतात. मुंबईचा पुतण्या म्हणतो की, काका, आता सगळे क्लास डी आहे, तेच घ्या. एका जुन्या स्नेह्यांच्या मते मात्र गाण्याचा खरा गोडवा क्लास ए खेरीज मिळत नाही. आमच्याकडे संध्याकाळी विजेचा दाब कधी कधी १८० व्होल्टपर्यंत उतरतो. आवाजाच्या दर्जाचा विचार करता मी कोणता क्लास निवडावा?

उत्तर : आपण प्रश्नासोबत खोली, स्पीकर, विजेचा दाब आणि ऐकण्याची वेळ हे सारे कळवलेत, त्यामुळे नेमके उत्तर देणे शक्य झाले आहे. क्लासचे अक्षर ही आवाजाची प्रतवारी नाही. ॲम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यातील ट्रान्झिस्टर किती वेळ काम करतात आणि त्यात किती वीज उष्णतेत जाते, एवढेच ते अक्षर सांगते. डी हे ‘डिजिटल’चे आद्याक्षर आहे असा समज सर्वत्र आढळतो, परंतु ए, बी, सी यांच्यानंतरचे अक्षर म्हणून ते वापरले गेले, याहून त्याला अधिक अर्थ नाही.

आपल्या भागात लाकूड कापणाऱ्या दोन करवत्यांचे काम आपण पाहिले असेल. ओंडक्याच्या वर एक, खाली एक, आणि दोघांमध्ये एक लांब करवत. बहुतेक ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये असेच दोन गडी असतात. ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक ओढतो, खालचा अर्धा दुसरा. क्लास ए मध्ये दोघेही करवत सतत ताणून धरतात, पाळी कोणाचीही असो. त्यामुळे हातबदलाचा धक्का मुळीच बसत नाही, परंतु गाणे बंद असले तरी दोघेही घाम गाळत राहतात. क्लास बी मध्ये ज्याची पाळी त्यानेच धरायचे आणि दुसऱ्याने सोडून द्यायचे, असा क्रम असतो. श्रम वाचतात, पण पाळी बदलताना करवत क्षणभर अडखळते. क्लास एबी मध्ये ही पाळी बदलण्याच्या थोडे आधी दुसरा गडी करवतीला हात लावतो आणि पहिला थोडा उशिरा सोडतो. हे ‘थोडे’ म्हणजे किती, यावर एबी ॲम्प्लिफायरचा बराचसा दर्जा ठरतो, आणि आपल्या प्रश्नाचे मर्मही तिथेच आहे.

आपण रात्री जितक्या आवाजात ऐकता त्याचा हिशेब मांडून पाहू. ८७ डेसिबलचा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर तेवढा आवाज देतो. तीन मीटर अंतरावर सुमारे साडेनऊ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकर मिळून तीन परत येतात, आणि खोलीच्या भिंतींमुळे आणखी थोडी भर पडते. म्हणजे प्रत्येक स्पीकरला एक वॅट दिला की आपल्या आसनापाशी ८० डेसिबलच्या वर आवाज होतो. निजानीज झाल्यावरचे ऐकणे ६५ डेसिबलच्या आसपास असते. त्यासाठी लागणारी शक्ती म्हणजे एका वॅटचा सुमारे तिसावा भाग, आणि आठ ओहमच्या स्पीकरवर तो अर्धा व्होल्टच भरतो. पखवाजाची थाप किंवा गायकाची तार सप्तकातील पुकार यांसाठी क्षणभर एक ते तीन वॅट लागतील. आपल्या रात्रीच्या संगीताचा बहुतेक भाग अशा रीतीने पहिल्या वॅटच्या आतच घडतो. ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर दोनशे वॅट लिहिले आहे की तीनशे, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याखेरीज नीट जागा होत नाही. त्याला आधीपासून थोडा प्रवाह देऊन जागे ठेवले नाही, तर आपला अर्धा व्होल्टाचा संपूर्ण तानपुरा त्या झोपेत हरवेल. या जागे ठेवण्याच्या प्रवाहाला बायस म्हणतात. बायस अपुरा असेल तर पाळी बदलण्याच्या ठिकाणी लहर मोडते, आणि या मोडण्याचा स्वभाव असा की, आवाज जितका लहान, तितके त्याचे प्रमाण मोठे. त्यातून मूळ स्वरात नसलेले उंच, विषम उपस्वर, म्हणजे मूळ कंपनाच्या तिप्पट, पाचपट अशा पटींतले वरचे स्वर, निर्माण होतात. फीडबॅकमुळे, म्हणजे बाहेर पडणाऱ्या आवाजाची मूळ आवाजाशी तुलना करून चूक सुधारण्याच्या, हॅरॉल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये शोधलेल्या युक्तीमुळे, हा दोष पुष्कळ कमी होतो. परंतु वरच्या स्वरांकडे फीडबॅकचे बळ घटत जाते आणि हे खोटे उपस्वर नेमके तिथेच असतात. तानपुऱ्याचे सौंदर्य त्याच्या जवारीतून उमटणाऱ्या उपस्वरांत असते; खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गांधार हा तिचा पाचवा उपस्वर आहे. तार छेडल्यानंतर जी आस हळूहळू विरत जाते, तिच्या शेपटाला हे खोटे उपस्वर चिकटले, तर आस विरण्याऐवजी खरबरीत होते आणि लवकर संपल्यासारखी वाटते. आपल्या स्नेह्यांना क्लास ए मध्ये जाणवलेला गोडवा मला खोटा वाटत नाही. या विरत्या आसेपाशी कोणताही सांधा नसणे, हे त्या गोडव्याचे एक खरे कारण आहे.

परंतु क्लास ए ची किंमत पाहावी लागते. आठ ओहममध्ये प्रत्येक बाजूला २० वॅट देणारा क्लास ए ॲम्प्लिफायर रचनेनुसार १०० ते २०० वॅट वीज सतत जाळतो, गाणे चालू असो वा नसो. रोज चार तास ऐकले तर महिन्याला १२ ते २४ युनिट होतात. ते एक वेळ सोसता येईल. मे महिन्यातील माजघरात त्या उष्णतेचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. बाहेर पस्तीस अंश आणि हवेत घामट दमटपणा असताना हीटसिंक, म्हणजे ट्रान्झिस्टरांची उष्णता हवेत सोडणारे धातूचे पत्रे, साठ अंशांच्या वर जातात, आणि त्यांच्या शेजारचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर शेकत राहतात. या कपॅसिटरांचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की सुमारे निम्मे होते. जॉन लिन्स्ली हूड यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेला दहा वॅटचा साधा क्लास ए आराखडा आजही हौशी मंडळी बांधतात आणि तो उत्तम वाजतो, पण मी तो देवगडच्या खाडीकाठी बारमाही वापरासाठी सुचवणार नाही.

ओघाने एक गोष्ट नोंदवतो. आपल्या पिढीच्या घरांतील व्हॉल्व्हच्या रेडिओचा अखेरचा टप्पा बहुधा एकाच व्हॉल्व्हचा आणि म्हणून क्लास ए चाच असे. त्याचा जो आवाज अनेकांच्या स्मरणात आहे, त्यात मोठा वाटा लाकडी पेटीचा, रुंद कागदी स्पीकरचा आणि गाण्याशी सुसंवादी असणाऱ्या दुसऱ्या उपस्वराच्या भरीचा होता. ते सारे श्रेय क्लासच्या खात्यावर मांडू नये.

आता कणकवलीच्या कारागिरांच्या सल्ल्याकडे वळतो, कारण माझा कौल त्यांच्या बाजूचा आहे. क्लास एबी मध्ये प्रत्येक ट्रान्झिस्टरला सुमारे १०० मिलिॲम्पिअर बायस दिला, तर दोन्ही गडी ०.२ ॲम्पिअरच्या शिखरापर्यंत एकत्रच ओढतात. आठ ओहममध्ये हे ०.१६ वॅट भरते. आपले रात्रीचे ऐकणे एका वॅटच्या तिसाव्या भागात चालते हे वर पाहिले. म्हणजे नीट बायस केलेला एबी ॲम्प्लिफायर आपल्या तानपुऱ्यासाठी प्रत्यक्षात क्लास ए म्हणूनच काम करील आणि केवळ थाप किंवा पुकार आली की पाळीपाळीने ओढू लागेल. स्नेह्यांना हवे ते आपल्याला त्यांच्या भट्टीशिवाय मिळते.

मात्र हे ‘नीट’ कारागिरांकडून करवून घ्यावे लागेल. पुष्कळ स्वस्त बोर्डांवर बायस जुळवण्याची सोयच नसते. दोन-तीन डायोड घालून तो कायमचा ठरवलेला असतो, आणि बोर्ड तापू नये म्हणून अत्यल्प ठेवलेला असतो. बायस फिरवून जुळवता येईल असा बोर्ड मागावा. एमिटरचे रोधक, म्हणजे मुख्य ट्रान्झिस्टरांच्या बाहेरच्या पायाला जोडलेले छोटे रेझिस्टर, ०.२२ ओहमचे असतील तर प्रत्येकावर वीस ते पंचवीस मिलिव्होल्ट दाब यावा. ही जुळवणी ॲम्प्लिफायर अर्धा तास चालून तापल्यावर, गाणे बंद ठेवून करावी, आणि शक्य असेल तर वैशाखाच्या उन्हाळ्यात पुन्हा तपासावी. बायसवर लक्ष ठेवणारा छोटा ट्रान्झिस्टर मुख्य हीटसिंकलाच घट्ट बसवलेला असला पाहिजे; तो बोर्डावर मोकळा उभा असेल तर उष्णतेबरोबर बायस वाढत जातो, वाढलेला बायस आणखी उष्णता करतो, आणि त्याचा शेवट मुख्य ट्रान्झिस्टर जळण्यात होतो. बायस जितका जास्त तितके चांगले, असेही समजू नये. एबी मध्ये या मर्यादेपलीकडे गेल्यास एकत्र ओढण्याचा आणि एकट्याने ओढण्याचा भाग यांच्यातील फरक वाढतो आणि मोठ्या आवाजात नवे विरूपण, म्हणजे लहरीच्या आकारातील बिघाड, सुरू होते. ५२०० आणि १९४३ या जोडीची बनावट नगे बाजारात फार आहेत. कारागिरांच्या नेहमीच्या, खात्रीच्या दुकानातूनच ती आणवावीत. बिघाड झाल्यास स्पीकरकडे जाणाऱ्या एकदिश प्रवाहापासून (डीसी) त्याला वाचवणारा रिले, म्हणजे आपोआप जोड तोडणारा स्विच, बसवण्यास कचरू नये.

शक्ती किती हवी, याचे उत्तर आपला पाऊस देतो. आषाढात कौलांवर सर कोसळू लागली की रात्रीची पातळी पुरत नाही. आवाज दहा डेसिबल वाढवायचा तर शक्ती दहापट लागते. म्हणजे शिखरांसाठी १० ते ३० वॅट. त्यासाठी २४-०-२४ व्होल्ट, ४ ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर पुरेसा आहे. पूर्ण दाबाला तो आठ ओहममध्ये पन्नास वॅटच्या आसपास देईल. दाब १८० व्होल्टवर उतरला तर आतील दाबही त्याच प्रमाणात उतरून शक्ती सुमारे तीस वॅट राहील. आकडा मोठा घटला असे वाटते, पण कानाला हा फरक दोन डेसिबलचा आहे. घरी चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर असेल तर मात्र ट्रान्सफॉर्मर भणभणेल, आणि त्या लहरीचे शिखर बुटके असल्याने शक्तीही घटेल. इन्व्हर्टर साइनवेव्हचाच असावा.

पुतण्यांचा सल्लाही टाकाऊ नाही. क्लास डी समजण्यासाठी बागायतीतील रहाट आठवावा. लोटे एकामागून एक दोणीत रिते होतात, प्रत्येक ओतणे सुटे असते, पण पाटातून पुढे जाणारे पाणी अखंड वाहते. क्लास डी मध्ये ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद असतात, सेकंदाला काही लाख वेळा; उघडे राहण्याचा काळ संगीताप्रमाणे कमीजास्त होतो, आणि शेवटी बसवलेली कॉइल व कपॅसिटर दोणीचे काम करतात. वीज उष्णतेत फारशी जात नाही. मोठ्या आवाजाला नव्वद टक्क्यांच्या आसपास स्पीकरपर्यंत पोहोचते. या पद्धतीची बदनामी जुनी आहे. १९६४ मध्ये इंग्लंडमधील सिंक्लेअर यांनी एक्स-१० नावाचा असा संच विकायला काढला, पण त्या काळचे ट्रान्झिस्टर एवढ्या वेगाने उघडझाप करण्यास असमर्थ होते. आज ती अडचण उरलेली नाही. उत्तम क्लास डी मॉड्यूलचे विरूपण मोजमापात बहुतेक एबी ॲम्प्लिफायरांहून कमी भरते.

निवड करताना एकच गोष्ट काटेकोरपणे पाहावी : फीडबॅक शेवटच्या कॉइलच्या आधी घेतला आहे की नंतर. स्वस्त बोर्डांत तो आधी घेतलेला असतो, त्यामुळे कॉइलचे वर्तन स्पीकरच्या ओहमवर अवलंबून राहते आणि अगदी वरच्या पट्टीत आवाज कुठे उठतो, कुठे बसतो. नंतर घेतलेला असेल तर हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. बोर्डावरील वॅटच्या आकड्याकडे दुर्लक्ष करावे; २४ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर आठ ओहममध्ये गणिताने ३६ वॅटपलीकडे काहीही निघू शकत नाही. १०० ते २४० व्होल्टवर चालणाऱ्या ॲडॉप्टरला आपल्या १८० व्होल्टचे काहीच वाटणार नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. मध्यम लहरींवर रेडिओ ऐकत असाल तर तो या यंत्रापासून दूर ठेवावा, कारण उघडझापीचे पडसाद त्याच पट्ट्यात पडतात.

असे असूनही मी एबी कडे झुकतो, आणि त्याचे कारण आवाजात नसून दुरुस्तीत आहे. आपल्या हवेत यंत्र केव्हा तरी उघडावे लागणारच. एबी चा जळालेला भाग कणकवलीत दुपारभरात बदलून मिळेल. क्लास डी चे नाजूक मॉड्यूल बहुधा संपूर्णच बदलावे लागते. पुतण्यांनी फीडबॅक नंतर घेतलेले तयार यंत्र पाठवले, तर तेही आनंदाने लावावे. रात्रीच्या तानपुऱ्यात आपली फसवणूक होणार नाही. तुलना करण्याची संधी मिळालीच, तर दोन्ही यंत्रांचा आवाज आधी व्होल्टमीटर लावून समान करावा, कारण किंचित मोठा आवाज माणसाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. मग नुसत्या तानपुऱ्याचे मुद्रण लहान आवाजात लावून तारेची आस कुठपर्यंत ऐकू येते, ते पाहावे.

प्रश्न : अलिबागजवळ आमचे घर आहे. चित्रपट पाहण्यासाठी घेतलेल्या पाच स्पीकरांच्या ॲम्प्लिफायरवर ‘क्लास जी’ असे लिहिले आहे. हा एबी हून कमी दर्जाचा असतो का?

उत्तर : नाही. क्लास जी मध्ये शेवटचा टप्पा एबी चाच असतो, फक्त त्याला विजेचे दोन दाब पुरवलेले असतात. संवाद चालू असताना तो खालच्या दाबावर थंडपणे काम करतो आणि स्फोट किंवा ढोलताशा आला की वरचा दाब घेतो. पाच स्पीकरांचे यंत्र एका खोक्यात मावायचे तर ही सोय योग्यच आहे. आपण मात्र ते बंद कपाटात ठेवू नये. वर निदान वीतभर मोकळी जागा सोडावी.

प्रश्न : मालवणात किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर राहतो. चार वर्षांत दोन ॲम्प्लिफायर खराब झाले. आधी खरखर सुरू होते, मग एका बाजूचा आवाज जातो. आमच्या हवेला कोणता क्लास टिकेल?

उत्तर : आपण सांगता ती लक्षणे अखेरच्या टप्प्याची नाहीत, त्यामुळे क्लास बदलून ती थांबणार नाहीत. खरखर व्हॉल्यूमच्या पॉटमधून, म्हणजे आवाजाच्या बटणामागच्या फिरत्या रोधकातून, येते आणि एका बाजूचा आवाज जाण्याचे कारण बहुतेक वेळा स्पीकर रिलेचे गंजलेले टोक किंवा मागील हिरवट पडलेले जोड हे असते. खारा वारा तांब्या-पितळेला सोडत नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुमारास, वीज काढून, पॉट आणि जोड कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करवून घ्यावेत. स्पीकरच्या तारांची काळी पडलेली टोके कापून नवी सोलावीत.

पावसाळ्यात यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवणे हे त्याला सर्वांत घातक असते, कारण थंड धातूवर ओल धरते. रोज अर्धा-पाऊण तास ते चालवावे, म्हणजे आतील ऊब ओल हाकलते. या एका बाबतीत तापणारा एबी थंड क्लास डी हून उपयोगी ठरतो. क्लास डी असेल तर ते दार लावलेल्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि पुड्या महिन्याला तापवून कोरड्या कराव्यात. वाजवताना मात्र दार उघडे असावे. उबेला पाली आणि मुंग्या येतात. हवेच्या फटींना आतून बारीक जाळी लावून घ्यावी, कारण ट्रान्सफॉर्मरपाशी शिरलेल्या पालीने यंत्र जळाल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

वीज हा तिसरा शत्रू. माडाची झावळ तारांवर पडून न्यूट्रल तुटला, तर घरातील दाब २३० वरून ४०० व्होल्टच्या दिशेने चढू शकतो, आणि तेव्हा कोणताही क्लास वाचत नाही. दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा संरक्षक मुख्य फलकावर बसवून घ्यावा. अर्थिंगचा खड्डा जांभ्यात असेल तर तो उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा होतो. फाल्गुनापासून त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालावे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला की स्विच बंद करून थांबू नये, प्लग भिंतीतून आणि अँटेनाची वायर यंत्रातून काढून ठेवावी.